'आता काही करता येणार नाही' याच्या पुढचं काम

वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

गेल्या महिन्यात या पानावर मी माझ्या कामाबद्दल दोन ओळी लिहिल्या होत्या: दृष्टी गेलेल्या किंवा जात चाललेल्या मोठ्या माणसांना घरी जाऊन चालायला, स्वयंपाकाला, वाचायला, मोबाइल वापरायला मी पुन्हा शिकवते. त्यावर बरीच पत्रं आली. बहुतेकांचा प्रश्न एकच, हे शिकायचं कुठे? म्हणून हे पान त्यालाच दिलंय.

प्रश्न : ताई, नमस्कार. मी पंचवीस वर्षांची आहे. बी. ऑप्टोम. (डोळे तपासून चष्म्याचा नंबर काढण्याची पदवी) झाले आणि लक्ष्मी रोडजवळच्या एका चष्म्याच्या दुकानात तीन वर्षं नोकरी करते. रोज पंधरा-वीस जणांचे नंबर काढते. माझ्या आजीच्या पडद्याचा मधला भाग वयोमानाने खराब झालाय. डॉक्टर म्हणाले, 'आता काही करता येणार नाही.' आजी घरी आली आणि तिने पोथी कपाटात ठेवून दिली. दिवसभर लोकांना चष्मे देते आणि घरच्या माणसासाठी मला काहीच येत नाही, याची लाज वाटते. परदेशात 'व्हिजन रिहॅबिलिटेशन स्पेशालिस्ट' असतात असं वाचलं. आपल्याकडे ते शिकता येतं का? पुणं सोडावं लागेल का? त्यावर पोट भरतं का? मला 'तू' म्हटलंत तरी चालेल. (धनकवडी)

उत्तर : 'तू' म्हणायची मुभा दिलीस ते बरं झालं, कारण आता जरा कान पिळणार आहे. कोर्सचं नंतर बघू. आधी ती पोथी कपाटातून बाहेर काढ.

डॉक्टर खोटं बोलले नाहीत. औषध, इंजेक्शन, ऑपरेशन यातलं काही आता लागू पडणार नाही, एवढंच ते सांगत होते. आजीने मात्र ते 'आता वाचणं संपलं' असं ऐकलं.

आज रात्री तिच्यासमोर हातभर अंतरावर बस आणि विचार, 'माझं नाक दिसतं का?' बहुतेक ती नाही म्हणेल. 'कानातले दिसतात?' ते दिसत असतील. मॅक्युला, म्हणजे पडद्याचा तो मधला भाग, गेला की जिथे नेमकं बघावं तिथेच डाग येतो आणि कडा शाबूत राहतात, हे तुला मी काय सांगायचं. आता तिला म्हण, 'माझ्या डोक्याच्या वर बघ. आता उजव्या कानाकडे. आता हनुवटीखाली.' घड्याळाचे आकडे मांडल्यासारखी एकेका दिशेला तिची नजर ने. कुठल्या तरी एका दिशेला बघताना ती म्हणेल, 'अगं, आता दिसलीस!' ती दिशा वहीत लिहून ठेव. पुस्तकात याला एक्सेंट्रिक व्ह्यूइंग म्हणतात. मी आज्यांना फक्त 'कडेनं बघा' म्हणते आणि त्यांना ते चटकन जमतं, कारण सासरची पहिली दहा वर्षं त्यांनी तसंच बघितलेलं असतं.

मग भिंग. डायॉप्टरला, म्हणजे भिंगाच्या नंबराला, चारने भागलं की किती पट मोठं दिसणार ते कळतं, हे तू परीक्षेत लिहिलं असशील. २० डायॉप्टर म्हणजे ५ पट. पण तेच भिंग कागदापासून ५ सेंटिमीटरवर धरावं लागतं, हे दुकानात आजीला कुणी सांगत नाही. ती ते हातातल्या आरशासारखं लांब धरते, अक्षरं पोहायला लागतात आणि भिंग ड्रॉवरमध्ये जातं. पुण्यातल्या ड्रॉवरांमध्ये अशी किती भिंगं पडून आहेत देव जाणे, मी स्वतः पन्नासेक तरी बाहेर काढली असतील. आजीचा हात थरथरत असेल तर पायांवर उभं राहणारं स्टँड मॅग्निफायर घे. उजेड छताच्या ट्यूबचा नको. मान वाकवता येणारा टेबल लॅम्प आण आणि तो पोथीवर पाड, आजीच्या डोळ्यांवर नाही. काळ्या फायलीच्या पुठ्ठ्याला एका ओळीएवढी खाच काप आणि ती पोथीवर ठेव. एका वेळी एकच ओळ दिसेल, बाकीच्या कागदाची चमक झाकली जाईल. मान आणि भिंग जागच्या जागी ठेवून कागद सरकवायचा. रोज दहा मिनिटं, जास्त नाही. पहिल्या दिवशी अध्याय वगैरे नको, नुसतं पोथीचं नाव वाचलं तरी उठायचं.

किती पटींचं भिंग हवं ते तूच काढ. त्यासाठी दुकानातला सहा मीटरचा तक्ता विसर. लॉगमार तक्ता (ओळीगणिक अक्षरं ठरावीक प्रमाणात लहान होत जातात तो) मिळव, तो दोन मीटरवर, नाहीतर एक मीटरवर लाव, आणि नेमका आकडा लिही. 'बोटं मोजते' असं लिहून पेशंट मोकळा करायची सवय आपल्या धंद्यात फार आहे. ज्याची उरलेली दृष्टी कुणी मोजलीच नाही, त्याला पुढे काही द्यायचं तरी कशाच्या आधारावर?

आता कोर्स. तू वाचलेलं नाव ब्रिटनमधलं. तिथे नेत्रतज्ज्ञ दृष्टिदोषाचं प्रमाणपत्र देतात, ते स्थानिक कौन्सिलकडे जातं, नाव नोंदलं जातं आणि या कामाचं शिक्षण घेतलेला माणूस घरी येतो. अमेरिकेत याच कामाची चार प्रमाणपत्रं आहेत: घरातले रोजचे व्यवहार, काठी घेऊन चालणं-फिरणं, उरलेल्या दृष्टीचा वापर आणि कॉम्प्युटर-मोबाइल. त्यातलं चालण्याफिरण्याचं प्रमाणपत्र हवं असेल तर जाणकाराच्या देखरेखीखाली ३५० तास प्रत्यक्ष काम करावं लागतं. आपल्याकडे या चारही खोल्या आहेत, फक्त त्यांची दारं वेगवेगळ्या बोळांत उघडतात. सगळं मिळून एक पदवी आणि त्या पदवीची एक खुर्ची, असं शोधत बसलीस तर निराश होशील.

सगळ्यात रुळलेलं दार विशेष शिक्षणाचं. दृष्टिदोष या शाखेतलं डी. एड. किंवा बी. एड., दोन्ही दोन-दोन वर्षांची. ब्रेल, टेलर फ्रेमवरचं (खाचांत खुंट्या बसवून बोटांनी करायचं) गणित, अबॅकस, ओरिएंटेशन-मोबिलिटी (दिशा ओळखून काठीने फिरणं) हे सगळं त्यात येतं. भर मात्र शाळकरी मुलांवर. सत्तरीत दृष्टी गेलेल्या आजोबांचं काय करायचं, हे मला तरी तिथे कुणी शिकवलं नाही. तुझ्या पदवीवर प्रवेश मिळतो का, ते ज्या त्या विद्यापीठाच्या नियमांत बघून घे. डेहराडूनला दृष्टिदिव्यांगजनांसाठीची राष्ट्रीय संस्था आहे, आमच्या पिढीतले बरेच जण तिथून एकदा तरी जाऊन आलेले. दुसरं दार तुझ्या घरचंच, लो व्हिजनचं, म्हणजे उरलेली दृष्टी वापरायला शिकवण्याचं. हैदराबादचं एल. व्ही. प्रसाद, मदुराईचं अरविंद आणि चेन्नईचं शंकर नेत्रालय या तिन्ही ठिकाणी हे काम वर्षानुवर्षं चालू आहे. मी तुझ्या जागी असते तर याच दाराने आत गेले असते, कारण आम्हा शिक्षकांना जे कधीच नीट येत नाही ते ऑप्टिक्स तुझ्याकडे आधीच आहे.

एक सावधगिरी. कुठलाही कोर्स धरण्याआधी तो भारतीय पुनर्वास परिषदेच्या, म्हणजे आरसीआयच्या मान्यताप्राप्त यादीत त्या वर्षासाठी आहे का ते बघ. पाटीवर 'मान्यताप्राप्त' लिहायला रंगाचा डबा पुरतो. १९९२ च्या कायद्याप्रमाणे पुनर्वसनाच्या ठरावीक व्यवसायांसाठी परिषदेच्या रजिस्टरमध्ये नाव लागतं आणि नोंदणीशिवाय काम केलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. हजार रुपयांना आज कुणी घाबरत नाही. पण मान्यता नसलेला कोर्स केलेली एक हुशार मुलगी माझ्याकडे आली होती. दोन वर्षं आणि वडिलांचे पैसे गेले, हातात लॅमिनेट केलेला कागद राहिला. तिला काय सांगावं मला सुचेना.

पुणं सोडायचं का? कोर्ससाठी काही महिने कदाचित. पण हात बसायला पुण्यासारखं गाव नाही. अंध मुलांची शाळा कोरेगाव पार्कात आहे, मुलींची कोथरूडला. परीक्षेच्या दिवसांत लेखनिक लागतात, एरवी वाचून दाखवणारे लागतात. तिथे जाऊन आधी एक वर्ष नुसती लेखनिक हो. हडपसरकडे महंमदवाडीला पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशनचं ह. वि. देसाई नेत्र रुग्णालय आहे. तिथल्या ओपीडीच्या बाहेर बाकावर अर्धा तास बसलीस तरी 'आता काही करता येणार नाही' ऐकलेला माणूस कसा चालतो ते दिसेल.

आता जे कुठल्याच अभ्यासक्रमाच्या कागदावर नाही, ते सांगते.

१९९८ साली मी मुंबईत शिकत होते. आम्हाला डोळ्यांवर पट्टी बांधून चहा करायचा होता. शिकवणारे सर जन्मापासून दृष्टिहीन. त्यांनी सांगितलेला क्रम अजून पाठ आहे: आधी रिकामं पातेलं शेगडीवर ठेवायचं, बर्नरच्या मध्यावर आहे ना ते गॅस बंद असतानाच चाचपायचं, पाणी कपाने मोजून घालायचं आणि मग गॅस पेटवायचा. पाणी तापताना आधी बारीक सूं करतं, मग गुरगुरतं, उकळलं की आवाज जाड होतो. इथवर मी ऐटीत होते. मग गाळायची वेळ आली. गाळणं कपावर ठेवलं, पातेलं सांडशीत धरलं, आणि कप नेमका कुठे आहे ते हरवलं. पातेल्याची कड गाळण्याला टेकवायची असते, हे डोक्यात होतं, हातात नव्हतं. पहिली धार बशीत गेली. माझ्या शेजारी उभी असलेली, पट्टी न बांधलेली मैत्रीण मदतीला पुढे झाली. तोंडाने चकार शब्द नाही. आणि सर खोलीच्या त्या टोकाहून म्हणाले, 'बांगड्या कुणाच्या वाजल्या? हात मागे घ्या.'

मी चहा सांडला. ओट्यावर, मग जमिनीवर, थोडा पायावर. दुसरा कप भरला. तिसऱ्याला एक थेंब बाहेर नाही.

तेव्हापासून कामाच्या दिवशी मी बांगड्या घालत नाही. हात अजूनही पुढे जातो. सत्तावीस वर्षं झाली तरी जातो. आजोबा उंबऱ्याला अडखळणार असं दिसतं आणि माझा हात निघतो. तो कधी रोखायचा आणि कधी खरंच पुढे करायचा (समोर उघडं गटार असेल तर करायचाच, पुण्यात ते असतंच), हे शिकायला मला कोर्सपेक्षा जास्त वर्षं लागली.

आणि पट्टीबद्दल एक. कॉलेजचे ग्रुप येतात, दोन तास पट्टी बांधून फिरतात, रडतात, फोटो काढतात आणि जातात. मला ते आवडत नाही. दोन तासांत फक्त भीती कळते. तू बांधशील तेव्हा पुन्हा पुन्हा बांध, कंटाळा येईपर्यंत बांध. शिवाय पट्टी म्हणजे सगळ्यांचं अंधत्व नव्हे. पोहण्याच्या गॉगलला काळा कागद लावून मध्ये टाचणीएवढं भोक ठेव, म्हणजे बाजूची नजर गेलेल्या रेटिनायटिसवाल्याचं किंवा काचबिंदू वाढलेल्या माणसाचं जग थोडं कळेल. काचेच्या मधोमध काळा गोल चिकटव, म्हणजे आजीचं.

माझी एक चूकही ऐकून ठेव. २०१९ च्या सुमाराला सहकारनगरच्या एका आजोबांकडे जात होते. एसटीत कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. काचबिंदूने बाजूची नजर गेलेली, मधलीही विझत आलेली. मी पहिल्याच दिवशी पांढरी काठी घेऊन गेले. काठीची लांबी छातीच्या हाडापर्यंत, पकड कशी, डावं पाऊल पुढे तेव्हा टोक उजवीकडे, कमान खांद्यांपेक्षा किंचित रुंद. दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गेलेल्या अमेरिकी सैनिकांसाठी रिचर्ड हूव्हर यांनी बसवलेली ही पद्धत, मी अगदी मन लावून शिकवली. सहा आठवडे. आजोबा शिकले, आणि मी गेले की काठी दाराआड ठेवून खुर्चीत बसून राहायचे.

सातव्या आठवड्यात त्यांच्या सूनबाईंनी सांगितलं, 'बाबा भाजीला जात नाहीत कारण त्यांना नोटा ओळखू येत नाहीत. मंडईत एकदा दोनशेची म्हणून पाचशेची दिली.' तीस वर्षं पैसे मोजून पोट भरलेला माणूस! त्यांना रस्त्याची भीती नव्हती, सुट्ट्या पैशांची लाज होती. आणि मी एकदाही विचारलं नव्हतं की तुम्हाला काय करायचंय.

मग आम्ही नोटा घेऊन बसलो. शंभर, दोनशे, पाचशेच्या नव्या नोटांची रुंदी सारखी, ६६ मिलिमीटर. लांबी शंभरची १४२, दोनशेची १४६, पाचशेची १५०. चार-चार मिलिमीटरचा फरक. जुनी शंभरची मात्र १५७, म्हणजे पाचशेपेक्षाही मोठी, तिने आम्हाला फार छळलं. कडांवर उठावाच्या तिरप्या रेघा असतात, शंभरला चार आणि पाचशेला पाच, पण चार हातांतून फिरलेल्या नोटेवर त्या बोटाला लागत नाहीत. आजोबांनीच तोड काढली. लग्नपत्रिकेच्या जाड कागदाची बरोबर दोनशेच्या नोटेएवढी पट्टी कापून घेतली. नोट पट्टीवर ठेवायची: आत राहिली तर शंभर, बरोबर बसली तर दोनशे, बाहेर आली तर पाचशे, फारच बाहेर आली तर जुनी शंभर. आठवड्याभरात पट्टी सुटली. उभी घडी घालून बोटांच्या बेचक्यात नोटा धरायची कंडक्टरची सवय होतीच: दोन बोटांच्या मध्ये शंभर, पुढच्या बेचक्यात दोनशे, करंगळीशी पाचशे. रिझर्व्ह बँकेचं 'मणी' नावाचं ॲप नोट ओळखून बोलतं, तेही मी मोबाइलवर घालून दिलं. ते त्यांनी एकदा ऐकलं आणि म्हणाले, 'भाजीवालीसमोर हे यंत्र बोलायला लागलं तर ती भाव वाढवेल.'

महिन्याने काठी दाराआडून आपोआप बाहेर आली.

राहिलं पोट. नुसत्या या कामावर पहिली दोन-तीन वर्षं पुण्यात भागत नाही, हे स्पष्ट सांगते. नोकऱ्या आहेत त्या शाळांतल्या विशेष शिक्षकाच्या, संस्थांतल्या, आणि काही नेत्र रुग्णालयांतल्या लो व्हिजन क्लिनिकमधल्या. घरी जाऊन शिकवायला लोक आनंदाने बोलावतात, पण फीचा विषय निघाला की 'ही तर समाजसेवा ना?' असं विचारतात. पूर्वी मी ओशाळायचे. आता मी त्यांना विचारते, फिजिओथेरपिस्टला काय देता? मी बरीच वर्षं सकाळी शाळा आणि दुपारी गृहभेटी असं केलं. तू दुकान सोडू नकोस. मालकांकडे आठवड्यातून एक अर्धा दिवस लो व्हिजनसाठी माग. दोन स्टँड मॅग्निफायर, एक वाकता दिवा आणि एक खुर्ची, एवढाच खर्च आहे म्हणावं.

आजीच्या वहीचं पहिलं पान मला पाठव.

प्रश्न : मी अडतीस वर्षांचा, हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये आहे. रेटिनायटिस पिगमेंटोसा. समोरचं अजून बारीक वाचता येतं, पण बाजूचं जवळजवळ गेलंय आणि संध्याकाळनंतर काहीच दिसत नाही. नोकरी किती वर्षं राहील माहीत नाही. माझ्यासारखाच माणूस हे काम शिकून दुसऱ्यांना शिकवू शकतो का, की त्यासाठी डोळसच लागतो? (वाकड)

उत्तर : मला चहा शिकवणारे सर दृष्टिहीन होते, हे वर वाचलंतच. ब्रेल, स्क्रीन रीडर (पडद्यावरचं बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर), घरकाम यात तर प्रश्नच नाही. तुम्ही सॉफ्टवेअरमधले. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर मोफत आहे, आजच कॉम्प्युटरवर घाला, मॉनिटर बंद करा आणि रोज अर्धा तास त्यावर काम करा. मोबाइलवर त्याच कामाचं टॉकबॅक आहे: एकदा टेकवलं की बोलतं, दोनदा टेकवलं की उघडतं. साठीच्या माणसाला ते 'दोनदा' शिकवताना तुमच्या धीराची परीक्षा होईल.

खरा वाद असतो तो मोबिलिटीचा. रस्त्यावर विद्यार्थ्याला बघणार कोण? अमेरिकेत यावर अनेक वर्षं भांडणं झाली, आणि आज तिथे दृष्टिहीन मोबिलिटी प्रशिक्षक काम करतात. माझे एक सहकारी पूर्ण दृष्टिहीन आहेत. विद्यार्थ्याच्या मागे पाच पावलांवर चालतात आणि मध्येच म्हणतात, 'डावीकडची टिचकी अर्धीच पडतेय.' काठीच्या टोकाचा आवाज डावी-उजवीकडे सारखा नसेल तर त्यांना माझ्याआधी कळतं. मी डोळ्यांनी बघत असते ना, म्हणून ऐकतच नाही.

पण तुमच्या पत्रात एक गोष्ट नाही, ती मी विचारते. तुम्ही काठी वापरता का? बहुधा नाही, कारण कंपनीतल्यांनी तुम्हाला मोबाइल वाचताना बघितलंय आणि काठी घेतली तर ते नाटक म्हणतील. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा दृष्टीच्या तीक्ष्णतेइतकंच दृष्टिक्षेत्रही धरतो. चांगल्या डोळ्याचं क्षेत्र १० अंशांपेक्षा कमी असेल तर तक्त्यावरच्या बारीक ओळी वाचणारा माणूसही कायद्याने अंध ठरतो. क्षेत्राची तपासणी करून घ्या, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढा, घडीची काठी बॅगेत ठेवा आणि आधी फक्त संध्याकाळी काढा. काठी वापरायची लाज वाटते तोवर ती दुसऱ्याच्या हातात देऊ नका, त्याला लगेच कळतं.

प्रश्न : मी दृष्टिदोष शाखेचं बी. एड. करते आहे. प्रात्यक्षिकासाठी एका आजींच्या घरी जाते. दोन्ही डोळ्यांनी फारच कमी दिसतं. परवा दार लावून घेत हळूच म्हणाल्या, 'पलंगाच्या कडेला फेटेवाली बुटकी माणसं बसतात, बोलत नाहीत, नुसती बसतात. घरात सांगू नकोस, मला येरवड्याला पाठवतील.' मी काय करू? आमच्या पुस्तकात हे नाही. (कर्वेनगर)

उत्तर : त्यांनी तुम्हाला सांगितलं, म्हणजे तुमचं निम्मं शिक्षण झालं.

याला चार्ल्स बॉने सिंड्रोम म्हणतात. बॉने हे स्विस अभ्यासक. त्यांच्या आजोबांची दृष्टी मोतीबिंदूने गेली होती आणि त्यांना माणसं, पक्षी, इमारती दिसायच्या. डोकं ठणठणीत होतं. १७६० साली बॉने यांनी ते लिहून ठेवलं. डोळ्यांकडून मेंदूला चित्रं येणं कमी झालं की मेंदू स्वतःची चित्रं काढायला लागतो, एवढीच भानगड. फेटे आपल्याकडचे, तिकडे टोप्या असतात.

आजींना विचारा: ती माणसं बोलतात का, हाक मारतात का? ती खरी नाहीत हे तुम्हाला कळतं ना? आवाज नाहीत आणि खरं-खोटं कळतंय, तर त्यांना सरळ सांगा, 'हे डोळ्यांचं आहे, वेड नाही, भूतही नाही.' हे ऐकून एक आजी माझ्या गळ्यात पडून रडल्या होत्या. दिसायला लागलं की दिवा लावायचा, नजर झपझप डावी-उजवीकडे फिरवायची, जागेवरून उठायचं. पुष्कळदा चित्र विरतं. डोळ्यांच्या डॉक्टरांच्या कानावर मात्र घाला. आवाजही येत असतील, गोंधळ उडत असेल किंवा नवं औषध सुरू झालं असेल, तर फॅमिली डॉक्टरांना लवकर दाखवायला सांगा. आणि घरच्यांना सांगायचं ते आजींना विचारून, त्यांच्यासमोर.

प्रश्न : अंध म्हणावं, दृष्टिहीन, दृष्टिबाधित की दिव्यांग? प्रशिक्षणात प्रत्येक जण वेगळं सांगतो. (सदाशिव पेठ)

उत्तर : अर्जावर जे छापलंय ते. समोरच्या माणसाला त्याच्या नावाने हाक मारा.

प्रश्न : मला कोर्स वगैरे करायचा नाही. रोज स्वारगेटला बस बदलतो, तिथे कधी कधी पांढरी काठी घेतलेली माणसं उभी दिसतात. मदत करावीशी वाटते, पण दंड धरला की ती आक्रसतात. नेमकं कसं करायचं? (वडगाव बुद्रुक)

उत्तर : आक्रसणारच. कुणी मागून येऊन तुमचा दंड धरून तुम्हाला रस्त्यात ढकललं तर?

समोर जा, आधी बोला: 'नमस्कार, कुठे जायचंय? सोबत येऊ का?' नको म्हणाले तर नको. हो म्हणाले तर तुम्ही त्यांना धरायचं नाही, ते तुम्हाला धरतील. तुमच्या हाताची पाठ त्यांच्या हाताला हलकीच टेकवा, ते कोपराच्या वर पकडतील आणि अर्धं पाऊल मागे चालतील. तुमचं शरीर वळलं, चढलं, थांबलं की त्यांना कळतं, त्यामुळे 'इकडे, तिकडे, जपून' असा धोशा लावू नका. पायरी आली तर क्षणभर थांबा आणि 'चढण' किंवा 'उतरण' एवढंच म्हणा. किती पायऱ्या ते मोजून सांगू नका, चुकलात तर शेवटची त्यांना महागात पडते. चिंचोळ्या जागेतून जाताना तो हात पाठीमागे घ्या, ते तुमच्या मागे येतील. काठीला हात लावायचा नाही. फुटपाथवरच्या पिवळ्या फरश्या त्यांच्यासाठी आहेत: लांब रेघा म्हणजे चाला, ठिपके म्हणजे थांबा. त्यावर तुमची दुचाकी लावत असाल तर मदतीची सुरुवात तिथून करा.

बस आली की नंबर आणि कुठे जाणार ते मोठ्याने सांगा, त्यांचा हात दाराच्या दांड्यावर ठेवा आणि सोडा. चढवायला मागून रेटू नका. आणि रस्ता ओलांडून दिलात की 'मी निघतो आता' असं म्हणून निघा. परवा आमचे एक विद्यार्थी सांगत होते, त्यांनी मदत करणाऱ्याला घरचं सगळं सांगितलं, मुलीचं लग्न, जावयाची बदली, आणि उत्तर येईना म्हणून हात पुढे केला तर समोर विजेचा खांब.